सर्वात खुला देश

"यंदाच्या तक्त्यात कुणी चूक काढून दाखवावीच!" दशांशराव छाती फुगवून म्हणाले. ऑफिसात त्यांना हेच नाव पडलं होतं, कारण दशांशाच्या तिसऱ्या घरावरूनही ते हमरीतुमरीवर येत! कुठला देश परदेशी मालाला किती मोकळीक देतो, हे मोजणं त्यांचं काम. कर, परवाने, अटी यांचे गुण काढून त्यांनी नव्वद देश ओळीने लावले. सकाळी दहाला तक्ता जाहीर झाला.

साडेदहाला नव्वदाव्या नंबरावरच्या देशातून फोन खणखणला. "अहो, आम्ही शेवटचे? आमच्याकडे आयातीवर करच नाही! आता काय, बंदराचं फाटकही उपटून टाकू?"

दशांशरावांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. गुण बंधनांचे होते. जास्त गुण म्हणजे जास्त बंद! आणि त्यांनी नेमकं जास्त गुणवाल्यांना वर बसवलं होतं. पहिल्या नंबरावर ऐटीत विराजमान होता तो देश, जिथे साधी टाचणी आत न्यायलाही तीन शिक्के लागत!

तेवढ्यात त्याच देशाचे वाणिज्य अधिकारी टोपलीएवढा पुष्पगुच्छ घेऊन दारात हजर.

"घोळ तुम्ही घातलात, तुम्हीच निस्तरा," म्हणत संचालकबाईंनी दशांशरावांना पुढे ढकललं.

"काय सांगू!" अधिकाऱ्यांनी पुष्पगुच्छ दशांशरावांच्या हातात कोंबला. "आमचे मंत्री इतके खूश झाले, की आत्ताच पत्रकारांसमोर सगळे आयात कर निम्मे केले! म्हणाले, पहिल्या नंबराला शोभायला नको?"

दशांशरावांनी पुष्पगुच्छ परत केला. खोटा आकडा त्यांच्या घशाखाली उतरेना. "साहेब... तक्ता उलटा लागलाय. तुम्ही पहिलेच आहात, पण शेवटून."

अधिकारी मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि कर निम्मे धरले तर?"

दशांशरावांनी लगेच हिशेब मांडला. "शेवटून दुसरे."

"मग शेवटी कोण?"

"तुमचा शेजारी देश."

अधिकारी ताडकन उठले, त्यांनी दशांशरावांना कडकडून मिठी मारली आणि मंत्र्यांना फोन लावला. पलीकडून जल्लोष ऐकू येत होता.

दशांशरावांना राहवेना. "साहेब, उरलेले कर आणि ते तीन शिक्केही काढलेत, तर खरोखर पहिल्या दहांत याल!"

अधिकाऱ्यांनी फोनवर विचारलं, ऐकलं आणि हसत मान हलवली.

"मंत्री म्हणतात, इतकी घाई नको. शेजारी खाली गेला, यंदा तेवढं पुरे!"