चारशे टन कुरड्या

हुडको वसाहतीतल्या दयाराम बोरकरांनी त्या दिवशी एक लहानसा निर्णय घेतला. फॉर्म आपणच भरायचा.

फॉर्म होता त्यांच्या बायकोचा. सरकारने छोट्या उद्योगांची पाहणी काढली होती, आणि त्यात नेमका शीलाताईंचा कुरड्यांचा घरगुती धंदा निवडला गेला होता. पाहणीवाली रोशनी साहू चहा पिऊन सांगून गेली होती, "आंटी, मैं बुधवार को आके भर दूँगी. चाहो तो खुद ऑनलाइन भर दो, लिंक भेज देती हूँ."

शीलाताई बुधवारपर्यंत थांबायला तयार होत्या. त्यांना फक्त पावती हवी होती. रविवारी दुर्गला महिला उद्योगांचा मेळावा होता. स्टॉल हवा असेल तर धंदा खरोखर चालतो असा सरकारी कागद आणा, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, आणि या पाहणीची पावती त्यांना चालणार होती. इतकी वर्षं शीलाताईंच्या कुरड्या बिननावाच्या पिशव्यांतून मरोद्यापासून गोंदियापर्यंत जात होत्या. आता 'शीला गृहउद्योग' अशी पाटी रंगवून तयार होती. कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"त्या पोरीले काहून तरास द्यायचा?" दयाराम म्हणाले. "जिंदगीभर कागदंच भरले न मी."

हे खरं होतं. दयाराम पोलादाच्या प्लांटमध्ये वजनकाट्यावर बाबू होते. वॅगन काट्यावर चढायची, ते आकडा लिहायचे, वॅगन उतरायची. निवृत्तीनंतरही त्यांची एक श्रद्धा शाबूत होती, आकडे जुळले पाहिजेत. (घरातल्या दुधाच्या हिशेबात ती कधी दिसली नाही, पण तो भाग वेगळा.)

नाव झालं, पत्ता झाला. मग वर्षाचं उत्पादन आलं.

"अवं शीला, सालभऱ्यात किती होते कुरड्या?"

"होत असन चारशेक!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

दयारामांनी चारशे टाकले. शेजारी यादी उघडली. ग्रॅम, किलो, क्विंटल, टन. रोजच्या वाटेने निघालेला बैल जसा आपसूक गोठ्यापाशी थांबतो, तसं त्यांचं बोट टनापाशी येऊन थांबलं.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. इतक्या उत्पादनासाठी कामगार कमी आहेत, तपासा.

दयारामांना संगणकाचं कौतुक वाटलं. बरोबरच आहे, एकटी बाई इतकं कसं करेल? शेजारच्या बायका येतातच की मदतीला! त्यांनी समोरच्या बेबीताई टाकल्या, रेणू टाकली, अन्नपूर्णा टाकली. लाल अक्षरं हटेनात. मग त्यांनी सगळी गल्ली कामाला लावली, आणि कमी पडले म्हणून खुर्सीपारचा साळा सहकुटुंब घेतला.

आता जागा कमी पडली. दयारामांनी आपली गच्ची टाकली, बेबीताईंची टाकली, शेवटी समोरचा बगिचा टाकला (एकदा तिथे चादर वाळत घातली होती, म्हणजे वापर होता). मग गहू कमी पडला. तो त्यांनी सढळ हाताने वाढवला. मालाची वाहतूक कशाने होते? शीलाताईंची बहीण गोंदियाला जाताना पिशवी नेते, ती गाडीनेच. दयारामांनी प्रामाणिकपणे 'रेल्वे' निवडलं.

लाल अक्षरं विझली. हिरवी खूण आली. दयारामांनी चष्मा पुसला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी रोशनीचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"आंटी, सिस्टीम ने आपको बड़े कारखानों में डाल दिया है! पावती रुक गई. कल सुबह साहब खुद देखने आ रहे हैं. पूछ रहे थे, हुडको में रेल लाइन किधर से आती है?"

शीलाताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अजी, एक पावती मांगतली होती म्या," त्या हळूच म्हणाल्या. "पाटी रंगवून ठेवली न म्या."

त्या रात्री दयारामांना जेवण गेलं नाही. (दोनच पोळ्या खाल्ल्या.)

सकाळी साहेब आले तेव्हा गच्चीवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. उन्हाआधी चीक शिजवायचा, सोऱ्यातून चादरीवर कुरड्या पाडायच्या. आज हिच्या घरी, परवा तिच्या घरी, अशी त्यांची रीत. साहेबांनी खाली रस्ता बघितला, वर पाण्याची टाकी बघितली.

"कारखाना कहाँ है?"

दयारामांनी चादरीकडे बोट दाखवलं.

"और ये सब लेबर हैं?"

"कोन लेबर?" बेबीताईंनी सोऱ्या खाली ठेवला. "भाऊजी, आमाले कामावर घेतलं अन् सांगतलं बी नाही? मंग हेल्मेट द्या, बूट द्या! अन् माही नाइट शिफ्ट नका लावजा, बुढ्याले झोप येत नाही एकट्याले."

बायका खदखदल्या. रोशनी मोबाइलवर फॉर्म चाळत होती. ती थबकली.

"अंकल, ये टन क्यों डाला? किलो था ना?"

"किलो?" दयाराम खरोखर गोंधळले. "किलोत कोनी तोलते का?"

साहेबांनी चारशे टनांचा मनातल्या मनात ढीग रचून पाहिला असावा. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग ते टाकीला टेकून हसायलाच लागले. शीलाताईंनी तेवढ्यात तळलेल्या कुरड्यांचं ताट पुढे केलं. साहेबांनी एक खाल्ली. दुसरी न विचारता उचलली.

"रोशनी, यहीं बैठ के नया भर दो," ते म्हणाले. "पावती आज ही निकलनी चाहिए. संडे को मैं भी दुर्ग आऊँगा, स्टॉल पे."

शीलाताई खाली धावल्या आणि पाटी घेऊनच वर आल्या. तिचं तोंड आता उन्हाकडे होतं.

रोशनीने पहिल्यापासून सुरुवात केली. चारशे, किलो. मालक, शीलाताई. मदतीला आलेल्या बायकांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, म्हणून त्या हसत पुन्हा चादरीपाशी गेल्या. शेवटी एकच प्रश्न उरला.

"आंटी, घर का कोई आदमी बिना पगार के काम करता है?"

दयाराम सावरून बसले. सदऱ्याची वरची गुंडी लावली.

शीलाताईंनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. रागाचा आता मागमूस नव्हता.

"हाये न. हे लिव. वाळवनावरचे कावळे हाकलते."

"रोज?"

"डोळा लागला नाही, तं."

रोशनीने तसंच भरलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण लगेच आली. आणखी तपासून पाहा, असं संगणक या वेळी एकदाही म्हणाला नाही.