ते ठीक, पण पाणी?

परबांना तुम्ही कुठलीही गोष्ट सांगा. नायक जंगलात हरवू द्या, तुरुंगात सडू द्या, नाहीतर प्रेमभंग होऊन हिमालयात जाऊ द्या. ते मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "ते ठीक, पण पाणी?"

पाणी म्हणजे प्यायचं पाणी. त्याची सोय झाली की मिठाचं काय. मीठ मिळालं की अंथरुणाचं काय. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं. त्यामुळे पाण्याची चौकशी सगळेच करायचे. पण गोष्टीतल्या माणसाच्या पाण्याची चौकशी करणारे परब एकटेच.

एकदा गणपतीत गच्चीवर भाड्याचा व्हीसीआर आणला होता. सिनेमातला नायक चौदा वर्षं तुरुंगात खितपत पडून बाहेर आला. गाल गुळगुळीत. बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "ह्याची दाढी कोणी केली?" पुढे नायकाची आंधळी आई शिवणकाम करून दिवस काढताना दिसली. "सुई कोण ओवून देतो?" रडणाऱ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. सेक्रेटरी शहा ओरडले, "परबभाई, बेसो ने!" परब बसले, पण पिक्चर संपेपर्यंत त्या सुईचं उत्तर मिळालं नाही म्हणून धुसफुसत होते.

भांडुपच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दिवसभर बोल्ट मापात आहेत की नाहीत ते बघायचे आणि नसलेले लाल डब्यात टाकायचे. संध्याकाळी तो लाल डबा डोक्यात घेऊनच घरी यायचे. कोपऱ्यावरचा वडा, गणपतीचा हार, सोसायटीचा नवा वॉचमन, सगळ्यांची तपासणी व्हायची. "हा पास. हा लाल डब्यात." मी पहिल्यापासून लाल डब्यात होतो, कारण मी लेखक होतो.

म्हणजे नोकरी बँकेत कारकुनाची. पण इमारतीच्या दारातल्या काचेच्या फलकात, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, दर महिन्याला माझ्या कादंबरीचं एक प्रकरण लागायचं. कादंबरीचं नाव सांगत नाही, आता लाज वाटते. तिचा नायक विक्रांत. त्याची बोट बुडते आणि तो एका निर्जन बेटावर एकटाच पोचतो, एवढी गोष्ट. प्रकरणाखाली मी लाल शाईनं लिहीत असे, "सर्व हक्क लेखकाकडे. उतरवून घेऊ नये." मुलुंडमध्ये वाङ्मयचौर्याचा धोका फार आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

परब त्या फलकासमोर ठाण मांडायचे. ओठ हलवत, एकेक ओळ दोनदा वाचायचे. वर निघायचे, अर्ध्या जिन्यावरून परत यायचे, पुन्हा ओठ हलवायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट नसायची. "काय परब, परीक्षा आहे काय?" असं विचारून पोरं पळायची. परब अडाणी नव्हते, पण वाचता येत नसावं अशी शंका यावी असं ते दृश्य होतं. मी त्याची नक्कलही बसवली होती. सोसायटीच्या मीटिंगनंतर चहाबरोबर लोक ती मागायचे.

आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मला गाठायचे. "काय लेखक! पहिलं पानभर सूर्यास्त. ते ठीक, पण पाणी?"

मी पुढच्या महिन्यात झरा दिला.

"झरा आला म्हणजे डास आले. मच्छरदाणी?"

हळूहळू प्रश्न फारच चमत्कारिक व्हायला लागले. "विकूची पाठ खाजली तर तो काय करतो?"

"विकू कोण?"

परब खोकले. "विक्रांत हो. एकट्याची पाठ खाजली तर? हात पोचत नाही तिथं?"

दुसऱ्या महिन्यात, "एकाच कुशीवर किती वेळ पडून राहतो तो? सोलवटत नाही?" नंतर, "बोलायला कोणी नसलं की शब्द विसरायला होतात. तो बोलतो कुणाशी?" मग, "आज रविवार आहे हे त्याला कळतं कसं? रविवार चुकला की फार वाईट वाटतं."

मी म्हणालो, "परब, अहो ते साहित्य आहे. तुमचं तपासणी खातं नव्हे."

"म्हणजे साहित्यात माणसाची पाठ खाजत नाही?"

शेवटी मी सूड घेतला. बेटावर एक पोपट आणला. हा पोपट विक्रांतच्या प्रत्येक उदात्त विचारावर मान तिरकी करून म्हणायचा, "ते ठीक, पण पाणी?" सगळी इमारत फलकासमोर लोटली. शहांनीसुद्धा कोणाकडून तरी गुजरातीत अर्थ लावून घेतला आणि पोट धरून हसले. आता परब चिडतील, भांडायला येतील, म्हणून मी तयारीत होतो.

परब आले. चेहरा एकदम खुललेला. "पोपट पास! सोबत झाली त्याला. झकास काम केलंत."

अपमान करावा आणि समोरच्यानं आभार मानावेत, यासारखी लेखकाची बेअब्रू नाही. मी इतका पेटलो की पुढच्याच प्रकरणात झरा आटवला, पोपट उडवून लावला आणि विक्रांतला पाण्यावाचून मारला. हो, पाण्यावाचूनच. तेवढं मुद्दाम.

त्या संध्याकाळी परब दारात उभे. अंगात कारखान्याचा गणवेश, हातात डबा तसाच. एरवी शहरी बोलणारा माणूस, तो मालवणीवर उतरला होता.

"मेलो? असो कसो मेलो?"

"मेला. झरा आटला."

"झरो असो एका म्हयन्यात आटता? तो मराक नाय!" मग भान येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "लेखक, बोट आणा एखादी. गोराईला उतरवा त्याला. कोळी लोक चांगले आहेत, बघतील. नाहीतर राहू दे बेटावरच, पण जिवंत. तो कागद उद्या सकाळी काढा."

"कादंबरी संपली, परब."

"तेवढं करा, मग माझी सगळी विचारपूस बंद. एक अक्षर बोलणार नाही."

"लाल डब्यात टाका माझी कादंबरी," मी म्हणालो. आतून माझी बायको सुधा हसली. ती हसली म्हणून मीही हसलो.

परबांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग "बरं" म्हणून वर गेले.

त्यांनी शब्द पाळला, मी काही केलं नव्हतं तरी. विचारपूस बंद. फलकासमोर मात्र उभे राहायचेच. कादंबरी गेली होती, तिथं आता फक्त टाकी धुण्याची सूचना होती, आणि परब तिच्याकडे बघत ओठ हलवत असायचे. अर्ध्या जिन्यावरून परत यायचे, पुन्हा हलवायचे. "परब गेले कामातून," मी म्हणालो. लोक हसले.

काही महिन्यांनी आमच्या न्हाणीघराचं छत गळायला लागलं. वर परबांचं न्हाणीघर. सुधा म्हणाली, "जा आणि सुनावून या. त्यांना म्हणावं, हे घ्या पाणी!"

ते वाक्य पाठ करत मी वर गेलो. परब कामावर होते. दिवसभराच्या बाईनं दार उघडलं.

परबवहिनींना अर्धांग झालं होतं, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला लोक शहाळी घेऊन जायचे. मग कमी जायला लागले, मग विसरले. मी तर त्यांच्या बरोबर खालीच राहत होतो. माझं डोकं जिथं असायचं त्याच्या हातभर वर त्यांचा पलंग, आणि मी निर्जन बेट शोधत होतो.

"कोण? लेखक?" आतून आवाज आला. जीभ जरा जड. "या ना, या! किती दिवस म्हणतेय ह्यांना, घेऊन या त्यांना. कशी मजा चाललीय विकूची!"

मी खुर्चीवर बसलो.

"रागावू नका हं," त्या म्हणाल्या, "आधी तुमचं सगळं सूर्यास्त नि लाटा. मीच ह्यांना विचारायला लावायचे. हे म्हणायचे, लेखक चिडतात. म्हटलं, चिडू देत. पण हल्ली काय सुंदर लिहिता! हे खाली पाठ करून येतात नि मला म्हणून दाखवतात. ओल्या वाळूत खड्डा खणून पाणी काढलं त्यानं, ते तर मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि ती दोरी!"

"दोरी?"

"वेलीची. झाडाला बांधून, तिला धरून कुशीला वळतो ना तो, ताप आलेला असताना? मी ह्यांना म्हटलं, मला पण बांधा. बघा."

खिडकीच्या गजाला जुन्या साडीची पिळून केलेली दोरी बांधलेली होती. त्यांनी चांगल्या हातानं ती धरली, ओठ आवळले आणि हळूहळू, पूर्ण, माझ्याकडे पाठ करून वळल्या. तशाच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पोपटाला काढू नका मात्र. अगदी ह्यांच्यासारखा बोलतो."

"नाही काढणार."

"आणि विकूला मारणार नाही ना?"

"नाही वहिनी."

"तशी भीती नाही," त्या म्हणाल्या. "पाण्याची सोय झालीय."

संध्याकाळी परब जिन्यात भेटले. आम्ही दोघंही पायाकडे बघत होतो. "प्लंबर रविवारी येतोय," ते म्हणाले. मी म्हणालो, "घाई नाही."

विकू त्यानंतर बरीच वर्षं त्या बेटावर जगला. त्यात माझी एकही ओळ नाही. वहिनी गेल्या तेव्हा तेराव्याला त्यांच्या भावानं सगळ्यांदेखत माझे हात धरले. "तुमच्या कादंबरीनं ताईला जगवलं." मी परबांकडे पाहिलं. ते नुसते म्हणाले, "हो, लेखकांचे उपकार." आणि मी म्हणालो, "कसचं, कसचं."

ते मी आज मागे घेतो. कादंबरी परबांची होती. मी फक्त खून केला होता.

त्यानंतर एकदाच धीर करून मी त्यांना विचारलं. ते फलकासमोर उभे होते, ओठ मिटलेले.

"परब, विकूचं शेवटी काय झालं?"

"काय व्हायचंय? आहे बेटावर."

"ते ठीक," मी म्हणालो, "पण पाणी?"

"पाणी आहे," परब म्हणाले. "विचारणारं कोणी नाही."