उंचाबाईची डरकाळी

एका जंगलात, बाळांनो, सकाळचे ठीक सव्वानऊ वाजले होते. घड्याळ अजून निघायचं होतं, तरी सव्वानऊच. कारण कोल्हा म्हणाला, "ऊन बरं आहे, करा सुरू."

कोल्हा फिल्म काढत होता. नामशेष झालेल्या प्राण्यांची. त्यात उंचाबाई होती. लांब मानेची, टेकडीएवढी, पाल्यावर जगणारी. तिची जात कधीच संपली, असं सगळीकडे सांगून झालं होतं. तेवढं तिला कुणी कळवलं नव्हतं. म्हणून ती आपलं लेकरू घेऊन तळ्याकाठी नांदत होती.

"जरा ओरडा बाई," कोल्हा म्हणाला.

उंचाबाई ओरडली. कोंबडीनं अंडं घातल्यावर करावा तेवढाच आवाज.

"चालायचा नाही. वाघाचा लावू." आणि त्यानं तिच्या तोंडाला रातांब्याचा लाल रस फासला.

"हे कशाला हो भाऊजी?"

"पाला खाताना कोण बघतंय?"

संध्याकाळी वडाखाली पडदा लागला. पडद्यावर उंचाबाईनं जांभई दिली आणि वाघ गुरगुरला. जाड्या आवाजाचा बेडूक सांगत होता, "हिच्या पोटात दया नाही." कालपर्यंत तिच्या शेजारी चरणारी हत्तीणवहिनी पोरं गोळा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उंचाबाईचं बाळ चिखलात रुतलं. पोटापर्यंत. आपण उतरावं तर आपल्या वजनानं दोघं जाणार. तिनं हाका मारल्या. कोल्हा तेवढा आला, कॅमेरा आणि बेडूक घेऊन.

"भाऊजी, शेपूट तरी धरा त्याचं."

"आम्ही निसर्गात ढवळाढवळ करत नाही."

"आणि काल रस फासलात तो?"

"ती सजावट. रडा तुम्ही, पण उन्हाकडे तोंड करून."

"दुबळं पिल्लू मागे पडतं," बेडूक गंभीरपणे म्हणाला. बाळ ते ऐकत होतं.

उंचाबाई हत्तींकडे धावली. "वहिनी, पाया पडते, चला."

"नको गं बाई. माझी पोरं लहान आहेत. तू खातेस."

"मी पाला खाते. तुमच्याच शेजारी उभी राहून खाते."

"आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"मला तर रोज डोळ्यांनी पाहता."

"ते वेगळं. हे पडद्यावर होतं."

मग उंचाबाईनं मान उंच केली, जांभई देताना उघडायची तेवढं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बरं मग. बाळाला बाहेर काढा, नाहीतर एकेकाला खाते. पहिल्या वहिनी."

अख्खा कळप चिखलाकडे पळाला. बाळ बघता बघता बाहेर आलं. सगळ्यांच्या पुढे शेपूट ओढत होता कोल्हा. कॅमेरा चिखलात पडला होता.

तात्पर्य : आपली कुणी खोटी बदनामी केली तर खोडून काढत बसू नये. जपून ठेवावी, लेकरांच्या कामी येते. आणि उंचाबाई पाला खाते, हे तुम्हाला कळलं ते तुमच्यापाशीच राहू द्या. भेटेल त्याला एवढंच सांगा, ती खाते म्हणून. बाळ अजून लहान आहे.