लिहून घ्या, मॅडम!

आमच्या गल्लीतले मगदूम डॉक्टर खोकला दोनदा तपासतात. एकदा पेशंटच्या छातीला नळी लावून आणि एकदा त्याच्या तोंडाला टेलिफोन लावून.

त्याचं असं आहे. विमा काढलेला पेशंट दवाखान्यात झोपला की बिल विमा कंपनीकडं जातं. मग कंपनीची मॅडम फोन करून विचारते, ह्यांना ॲडमिट करायची खरंच गरज होती का? दुसरा डॉक्टर चार कागद पाठवून गप्प बसला असता. आमचे डॉक्टर फोनची लांबलचक वायर ओढत खाटेपर्यंत जातात, रिसीव्हर पेशंटपुढं धरतात आणि म्हणतात, "खोका."

पेशंट भीत भीत खोकतो.

"असं न्हवं. जरा आतनं काढा की! मुंबईपतोर जायला पायजे."

पेशंट डोळे पांढरे करून खोकतो. डॉक्टर खूश होऊन रिसीव्हर कानाला लावतात. "ऐकलासा? हे घरात ठेवायचं माणूस हाय व्हय? लिहून घ्या, मॅडम!"

'लिहून घ्या, मॅडम' हे दिवसातनं किती वेळा ऐकू येतं ते विचारू नका. माझा म्हशीचा गोठा दवाखान्याच्या मागं. धार काढताना ती आरोळी आली नाही तर म्हैससुद्धा कान टवकारते.

मी एकदा त्यांना म्हणालो, "आता सगळी मोबाईलवर बोलत्यात. तुम्ही ह्या डबड्याला का चिकटलायसा?"

"तात्या, मोबाईल आपटता येत न्हाई. भांडण संपल्यागत वाटतच न्हाई."

एका बाईच्या पित्ताशयातले खडे काढले, तर कंपनीनं पुरावा मागितला. डॉक्टर भडकले. "पुरावा पायजे? घ्या की मग!" हाताला दुसरं काही लागलं नाही म्हणून पेढ्याच्या खोक्यात खडे भरले, वर दोरा बांधला आणि कुरियरनं धाडले. कंपनीतल्या शिपायानं खोकं बघितलं आणि रीतीप्रमाणं आधी देवापुढं ठेवलं. खडे हार-फुलं घालून घेत बसले. पुढं कुठल्यातरी सणाला साहेबानं प्रसाद म्हणून खोकं उघडलं. बिल त्याच दिवशी मंजूर. डॉक्टर म्हणतात, पुराव्यामुळं. मी म्हणतो, साहेबानं एक तोंडात टाकला असणार.

तर अशा माणसाकडं माझी पाळी आली. हर्निया. मी म्हणालो पट्टा बांधून भागतंय. डॉक्टर म्हणाले, न्हाई भागत. माझा मुलगा कागलच्या एमआयडीसीत आहे, त्यानं माझा विमा काढला होता. मी निवांत झोपलो, ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. डॉक्टर माझ्या खाटेपाशीच उभे. "व्हय मॅडम. न्हाई मॅडम. दुखणं आत्ताचंच हाय. एकदम ताजं. लिहून घ्या, मॅडम!"

आता कुणी माझ्याबद्दल चुकीचं सांगितलेलं मला खपत नाही. मी खाटेवरनं ओरडलो, "ताजं कशाचं? थोरली म्हैस चिखलात रुतली, तवा मी एकट्यानं तिला वर काढली. तवापास्नं हाय! लई वर्सं झाली! दुसरा असता तर जाग्यावर बसला असता!"

डॉक्टरांनी रिसीव्हरवर हात दाबला, पण उशीर झाला होता. पलीकडनं मॅडमचा गोड आवाज मलासुद्धा ऐकू आला. "लिहून घेतलं, सर."

झालं. दुखणं विम्याच्या आधीचं निघालं, बिल नामंजूर. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा रिसीव्हर हळू ठेवताना मी बघितलं.

घरी सोडायच्या दिवशी मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन बसलो. डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बिलाचं बघू वो सावकाश."

"सावकाश म्हंजे?"

"म्हंजे... ऱ्हाऊ दे."

माझं डोकं फिरलं. "ऱ्हाऊ दे? मी काय पदर पसरलाय व्हय? आजपतोर कुणाचं फुकट खाल्लं न्हाई. उद्या बाजारात चंद्री विकतो आणि तुमच्या टेबलावर पैसं आणून ठेवतो!"

चंद्री म्हणजे माझी शेवटची म्हैस. बाकीच्या गेल्या, बायको गेली, चंद्री राहिली. बोलून गेलो आणि पोटातले टाके ओढल्यागत झालं. पण बोललो ते बोललो. आमच्यात शब्द माघारी घेत नाहीत. काठी उचलून तरातरा निघालो, ती कशाला तरी अडकली. हिसडा मारून सोडवली.

"थांबा!" डॉक्टर ओरडले. "बसा खाली. आता मॅडम न्हाई, थेट मोठ्या साहेबालाच धरतो."

त्यांनी फोन लावला. आणि काय सांगू, असं भांडण त्या दवाखान्यानं बघितलं नसेल. "साहेब, माणूस म्हातारा झालाय! काय बी बरळतोय! म्हशीचं काय धरून बसलायसा? म्हशीचा विमा काढलाय व्हय?" मग रिसीव्हर माझ्या तोंडापुढं आला. "खोका, तात्या."

"हर्नियाला खोकला कशाला?"

"खोका म्हणतोय न्हवं!"

पोट धरून खोकलो. डॉक्टर कान लावून ऐकत राहिले, मान डोलावली आणि रिसीव्हर असा आपटला की टेबलावरची गोळ्यांची बाटली आडवी झाली.

"मंजूर!"

मी छाती काढली. म्हणालो, "बघा! सरळ माणसापुढं कंपनी बी वाकती."

आणि वहाणा घालायला वाकलो. टेबलाखाली फोनची वायर भिंतीतनं उपसून माझ्या काठीपाशी पडली होती.

मी वर बघितलं. डॉक्टर बाटली उभी करत होते, मान खाली घालून. मी वहाणा चढवल्या आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीचं धारोष्ण दूध किटलीत घेऊन गेलो. वरच्या मजल्यावर डॉक्टर एकटेच राहतात. डॉक्टरीणबाईंना जाऊन वर्षं झाली, मुलगी परदेशात.

"हे काय, तात्या?"

"त्या मोठ्या साहेबांना. मंजूर केलं न्हवं त्यांनी? मी कुणाचं ठेवून घेत न्हाई. रोज देणार. तुमच्या हातनं पोचवा."

डॉक्टरांनी किटली घेतली. "पोचवतो. फेस आवडतोय साहेबास्नी."

तेव्हापासनं नेमानं दूध जातं आणि किटली धुऊन माघारी येते. फोनची वायर त्यांनी पुन्हा भिंतीत खोचली. मॅडमशी भांडण जोरात चालू आहे.

परवा मी विचारलं, "साहेब काय म्हणत्यात दुधाला?"

डॉक्टरांच्या मिशीला अजून फेस लागलेला होता. म्हणाले, "चांगलं हाय म्हणत्यात. आणि म्हणत्यात, तात्या किटली ठेवून लगेच का पळतोय? जरा बसत जा म्हणावं. एकट्याला पीत बसायचा कंटाळा येतोय."

मी काठी वायरीपासनं लांब, कोपऱ्यात टेकवली आणि बसलो.