दोघां बंधूंमधील शेराच्या कुंपणाची हकीकत

श्री. सीमेवरील म्हसोबास दंडवत घालून, ऐकिले तैसे लिहितो. उणे अधिक वाचणारांनी पदरी घ्यावे. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, वैशाखमासी एके राज्यी ऐसे वर्तमान जाहले की, राज्याचे धनी दोघे बंधू, वडील हैबतराव आणि धाकटे सटवोजीराव. बारा वर्षांमागे बागेतील एका आंब्यावरून उभयतांत कलह माजला, आणि सटवोजीरावांनी आपले हाते मध्ये शेर या चिकाळ झुडपाचे कुंपण लाविले, आणि दोघांनी शपथ वाहिली की, कुंपण उभे असेतो एकमेकांचे तोंड पाहणार नाही. मग शेर माजला. हत्ती झाकेल इतका उंच, वीस हात रुंद जाहला, आणि ज्यासाठी भांडले तो आंबाही आत गडप जाहला. पाखरू त्यावर बसेना.

वैशाख शुद्ध तृतीयेस सकाळी पलीकडील हुजऱ्याने हाक देऊन कळविले की, थोरले राव अंथरुणास खिळले, धाकट्याचे तोंड एकवार पाहावे इतकीच वासना उरली आहे. सटवोजीरावांनी गोंदजी माळी यास बोलाविले. कुंपणे काढण्यात याची हयात गेली होती. तो म्हणाला, "धनी, शेर तोडणं सोपं, तोडलेला उचलून लांब नेणं हेच खरं काम. फांदी भुईला टेकली की जगली. अन् चीक डोळ्यांत गेला की दिसायचं सरलं. चार गडी द्या, सांजेला वाट करतो."

सटवोजीराव बोलिले, "वळसा घालून गेलो तर शपथ मोडते. लाविला आम्ही, काढूही आम्हीच. दादांपुढे मजुराआडून जावे काय?" आणि कोयता घेऊन आत शिरले, आणि तोडलेले मागे टाकीत चालिले. बापडा गोंदजी कपाळास हात लावून बसला.

दुसरे दिवशी ऐन दुपारी पलीकडून कोयत्याचा आवाज आला. हे थांबले की तोही थांबे, हे तोडू लागले की तोही तोडी. दादा बरे जाहले, आपणाकडेच येत आहेत, ऐसे जाणोन सटवोजीरावांस रडू कोसळले, आणि चिकाने भरलेल्या हाताने त्यांनी डोळे पुसिले. आग जाहली, मग अंधार जाहला. तरी कोयता थांबविला नाही. मग समोरून एक हात आला आणि यांचा हात धरिला. तोही चिकाने बरबटलेला, आणि थंडगार.

"सटू, आलास?"

"दादा, आलो. पण दिसत नाही."

"मलाही नाही," ऐसे उत्तर आले, आणि हात सुटला.

पलीकडील लोकांनी त्यांस बाहेर काढिले. ते लोक सांगते जाहले की, हैबतराव तृतीयेसच सांजेस निवर्तले, चौथीस सकाळी अग्नी दिला. हाका पुष्कळ मारिल्या, परंतु आतून उत्तर येईना, कोयते मात्र दोन ऐकू येत. त्या बाजूसही आंब्यापर्यंत वाट तोडलेली होती, आणि चीक ताजा गळत होता. गोंदजी वळसा घालून आला तो पाहतो, धन्यांमागे टाकिलेली फांदी न् फांदी उभी राहून वाट बुजली होती.

सारांश, तोडण्याआधी वाहून नेणारा गडी बोलवावा, हे गोंदजीचे बोलणे खरे. शपथही खरी जाहली. कुंपण उभे राहिले, आणि तोंड दिसले नाही.