गरम तेलातलं तांबं

मेहुणा "स्टील घाला" म्हणाला आणि तिथंच स्टीलचं नशीब फुटलं.

फ्रिजवाला म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा; त्याची सासू डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. हल्ली तिला माणसं ओळखू येत नव्हती. मधूनच एखाद्या दिवशी डोकं लख्ख व्हायचं, मग ती मुलीच्या नावानं हाका मारत बसायची. असा एक दिवस तरी गाठता यावा, एवढंच फ्रिजवाल्याच्या बायकोचं मागणं. दारात जुनी व्हॅन होती, पण डिझेल परवडेना. मग फ्रिजवाल्यानं ठरवलं, जवळच्या एका कॅन्टीनमधलं तळून उरलेलं तेल गाळायचं आणि त्यावर गाडी चालवायची. तेल पडलं घट्ट, म्हणून टाकीत नळीचं वेटोळं बसवून त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवायचं. तेल तापलं, पातळ झालं, की गाडी पळाली!

"वेटोळं स्टीलचं करा, दाजी," मेहुणा म्हणाला. हा बायकोचा थोरला भाऊ, वेल्डर. गाडी नव्हती त्याच्याकडे, मतं मात्र ढीगभर. "गरम तेलात तांबं राहिलं की तेलाचा गोंद होतो. पितळसुद्धा नको."

"मेहुणे, उभा जन्म तांब्याच्या नळ्या वाकवल्यात मी."

"गार करायला वाकवल्यात. इथं तापवायचंय. फरक कळतो ना?"

हे शेवटचं विचारायला नको होतं. फ्रिजवाल्यानं त्याच दुपारी तांब्याची नळी आणली आणि असं देखणं वेटोळं वळलं, की शेजारीण म्हणाली, "अहो, हे टाकीत कशाला बुडवता? बायकोच्या गळ्यात घाला."

गाडी चालली! मागून असा खमंग वास सुटायचा की गल्लीतली झाडून सगळी कुत्री मागे धावायची, आणि एक मांजर तर म्हणे पुढच्या सीटवर जागा धरून बसायचं. पण थोड्याच दिवसांत गाडी आचके द्यायला लागली. तेलाचा फिल्टर चिकटून बसला होता.

"तेल पुरेसं तापत नाहीये," फ्रिजवाला म्हणाला आणि त्यानं तांब्याचं आणखी एक वेटोळं बसवलं. फिल्टर आणखी लवकर तुंबला. "कचरा येतोय," म्हणून पितळेची जाळी लावली. मग तर विचारूच नका. जितकं तुंबेल तितकं तांबं वाढे. शेवटी टाकीत तेलाला जागा उरते की नाही, अशी गत झाली.

"दादा म्हणतो तसं एकदा स्टीलचं..." बायकोनं तोंड उघडलं.

"दादाचं नाव काढायचं नाही या घरात!"

ती भावाकडे गेली. "दादा, जरा गोडीत सांग ना त्यांना."

"का? मी बरोबर आहे. बरोबर माणसानं गोड कशाला बोलायचं?"

एका सकाळी आश्रमातून नर्सचा फोन आला. "आज आजींना सगळं आठवतंय. तुमचंच नाव चाललंय. लगेच या."

बायकोनं धड केससुद्धा विंचरले नाहीत. आई मेहुण्याचीही होती, तेव्हा तोही मागच्या सीटवर बसला. चढ लागला तशी गाडी खोकली, कण्हली आणि मधोमध उभी राहिली.

दोघं खाली उतरले. मेहुण्यानं नळी सोडवली, आत बोट घातलं आणि काळा, चिवट गोंद असा लांब ओढून काढला, की त्यावर कपडे वाळत घालता आले असते. त्याचं तोंड नुसतं उजळलं. त्या घडीला त्याला आई आठवली नाही, आपण म्हणालो होतो तेवढं आठवलं.

"हे बघा! काय म्हणालो होतो मी?"

"तेल भेसळीचं असेल."

"तांबं, दाजी, तांबं! म्हणा एकदा, चुकलो म्हणून."

"मरेन, पण तुमच्यापुढे म्हणायचो नाही."

"अहो, आई हाका मारतेय तिकडे," बायको म्हणाली. कोणी वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात बस आली. तिनं हात केला आणि चढली. ती गेलेली दोघांना कळलंसुद्धा नाही.

ती धापा टाकत आईच्या खोलीत पोचली तेव्हा दुपार कलली होती. खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून तिनं आईचा हात धरला.

आईनं हात सोडवून घेतला. "उठा हो बाई, तिथं नका बसू. माझी मुलगी यायचीय. तिच्यासाठी ठेवलीय खुर्ची."

बायको उठली. भिंतीला टेकून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं पुढच्या बसनं दोघं आले, कोपरापर्यंत काळे. म्हातारीनं डोळे बारीक केले आणि एकदम हसली.

"या, या, जावईबापू! आणि हा थोरला! दोघं मिळून आलात? वाटेत भांडला नाहीत ना?"

"छे, छे!" दोघं एका सुरात म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"गाडीनं आलात ना? दमला असाल." म्हातारी भिंतीकडे वळली. "अहो बाई, नुसत्या उभ्या काय राहिलात? माझ्या माणसांना पाणी द्या."

बायको दोन पेले भरून परत आली, तर खुर्चीत फ्रिजवाला बसला होता.