पानाच्या डब्यातला शनी

दिवेलागणीला शेजाऱ्याच्या दारात उभं राहून "आज भाकरी का खिचडी?" असं विचारणारा माणूस जेवायला आलेला असतो, अशी माझी समजूत होती. ती अण्णामामांनी मोडली. अख्ख्या जुन्या जालन्यात हा प्रश्न केवळ आकाशासाठी विचारणारे ते एकटेच.

त्यांच्या घराच्या दक्षिणेला काशीबाईंचं घर. दिवाळीनंतर संध्याकाळी शनी नेमका त्यांच्या धुराड्यावर यायचा. भाकरी म्हटलं की चूल तासभर भडकणार, गरम हवा वर चढणार आणि त्या हवेतून शनी पाण्याखालच्या खड्यासारखा लटलटणार. खिचडी त्या मानानं लवकर उतरते.

"मिस्त्री, तुमच्या शनीपायी माझ्या लेकरांनी पीठ फाकावं का?" काशीबाई विचारायच्या.

"न्हाई बाई, बिनघोर करा भाकरी. फक्त जल्दी करा."

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री. मी मंठ्याहून जालन्याच्या पोस्टात कारकून म्हणून आलो आणि त्यांच्याकडं उतरलो. 'खोली मिळेपर्यंत' असं म्हणालो होतो. चार वर्षं खोली शोधली नाही, यावरून मामीच्या हातच्या जेवणाचा अंदाज यावा.

मामांची दुर्बीण पितळेची, तीन इंची. छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना सामान विकून गेला, त्यात घेतलेली. दुर्बिणीला पुढचं मोठं भिंग एकच असतं, पण डोळा लावायच्या टोकाला वेगवेगळी भिंगं बसवता येतात, आणि किती पट मोठं दिसणार ते या भिंगावर ठरतं. मामांकडं अशी तीन होती. एक साहेबाचं, दोन त्यांनी स्वतः जिनिंगच्या लेथवर नळ्या कातून केलेली. चाळीस पटीचं, नव्वद पटीचं आणि दीडशे पटीचं. तिन्ही राहायची मामीच्या पानाच्या डब्यात, कात, चुना आणि सुपारीच्या वाट्यांत. मामीचा चुना त्यामुळं कोनाड्यात आणि कात फडक्यात गेला होता.

रोज संध्याकाळी माळवदावर दोन बादल्या पाणी शिंपडून मामा आधी माळवद थंड करायचे. दिवसभर तापलेली माती पण हवा हलवते म्हणे. ते पाणी खाली मामीच्या पोळपाटावर टपकायचं. मग मामा आकाशाकडं नुसतं बघायचे, चांदण्या किती लुकलुकतात ते मोजल्यागत, आणि ठरवायचे. "आज हवा नव्वदची हाय." कधी "आज चाळीसच्या वर जाऊ न्हाई." दीडशेचा दिवस महिन्यातून एखादा. त्या दिवशी मामा दाढी करून वर यायचे.

गल्लीतला प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "किती मोठं दिसतं?" त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर : "मोठं न्हाई बघायचं, साफ बघायचं."

मला ते दोन्ही जमत नव्हतं. पहिल्या दिवशी मी दीडशेच्या भिंगाला डोळा लावला आणि मला माझ्याच पापण्या दिसल्या. त्या भिंगाचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. डोळा चिकटवला की पापण्या, लांब नेला की अंधार, आणि मधे कुठं सापडलंच तर तोवर शनी सरकून गेलेला. पण मामा आशेनं माझ्याकडं बघत होते. मामांच्या पुस्तकातलं चित्र मी दुपारीच पाहून ठेवलं होतं.

"वा," मी म्हणालो. "केवढं रुंद कडं. न् मधली काळी फट बी दिसून राह्यली."

मामांनी आधी स्वतः डोळा लावून बघितलं. मग म्हणाले, "वसंता, पुस्तक चांगलं वाचलंस. त्या चित्रातलं कडं सात वर्षांमागचं हाय. आता ते मिटत मिटत सुतागत झालंय. पुढल्या साली तेवढं बी दिसायचं न्हाई."

ते रागावले नाहीत. माझ्या डोक्यामागं हात धरून त्यांनी मला डोळा कुठं थांबवायचा ते दाखवलं. श्वास कसा सोडायचा तेही. आठव्या दिवशी मला कडं खरोखर दिसलं, पण तोवर माझ्या 'वा'ची किंमत गेली होती.

त्या घरात एकच माणूस कधी दुर्बिणीजवळ गेला नव्हता. मामी.

त्याला कारण होतं. त्यांची एक मुलगी होती, शकू. चार वर्षांची होऊन तापात गेली. मामीला तेव्हा साडेसाती होती, आणि शनीनं पोर नेली हे मामीच्या मनात जे बसलं ते बसलं. वीस वर्षं ती दर शनिवारी मारुतीला तेल घालत होती आणि दिवेलागणीनंतर अंगणात आली तरी मान वर करत नव्हती.

"लांब हाय तेच बराय," ती म्हणायची. "न् हे त्याला दीडशे पटीनं घरात आणून राह्यले."

मामांना तिला कडं दाखवायचं होतं. दुसरं काही नको होतं त्यांना. "कडं मिटत चाललंय," एकदा ते मला म्हणाले, "न् तिचे डोळे बी. हकीम म्हणला, मोतीबिंदू उतरून राह्यलाय. कडं उघडंल पुन्हा पाच-सात वर्षांत. तवर तिला काय दिसणार?"

मी मदतीला धावलो. मी मदतीला धावलो की काय होतं हे पोस्टात सगळ्यांना ठाऊक होतं, मामांना नव्हतं. एका लग्नासाठी हैदराबादला गेलो, तिथल्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडं दुर्बिणीची भिंगं मिळाली, आणि मी त्यातलं सगळ्यात जबर उचललं. तीनशे पट. म्हटलं, मोतीबिंदू असला तरी एवढं मोठं दिसल्यावर कुणालाही दिसेल.

मामांनी ते बसवलं, डोळा लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला. माझं मन मोडू नये म्हणून असावं.

"कसंय?"

"भिंग अस्सल हाय," मामा म्हणाले. "पर आपल्या दुर्बिणीला पेलत न्हाई. तिच्यात उजेड येतो तेवढाच येतो. दुधाच्या गंजात पाणी घातलं तर गंज भरतो, दूध वाढत न्हाई. बघ तू."

मी बघितलं. राखेत लोळवलेलं लिंबू थरथरत होतं.

खाली मामीला ही बातमी 'तीनशे' एवढीच पोचली. "तीनशे?" ती म्हणाली, आणि त्या रात्री माझ्या ताटात दुसरी भाकरी पडली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, हवा नव्वदची असताना, मामी आपण होऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"मी बघते," ती म्हणाली. "पर चाळीसचं लावा. त्याच्यावर जवळ न्हाई आणायचा."

मी विचारलं, "मामी, आज कसं काय?"

"तुझी रास मीन," ती म्हणाली. "तुला बी साडेसाती हाय. दिवाळीपासून रोज बघून राह्यलास. मी ध्यान ठेवून होते. तुझं काहीच वाईट झालं न्हाई. म्हंजे चांगलं बी काही झालं न्हाई, पर ते तर आधीपासून तसंच."

माझ्या आयुष्याचं इतकं नेमकं मोजमाप पुन्हा कुणी केलं नाही.

मी डबा उघडला. चाळीसात कडं दिसेल, पण अगदी बारीक, आणि मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसेल का, देव जाणे. मी सुपारीच्या वाटीतून नव्वदचं उचललं. मामीला काय कळणार होतं? मामांनी माझं मनगट धरलं.

"चाळीस बोलली ती. चाळीसच."

"मामा, साल वाया जाईल. न्हाई दिसलं तर पुन्हा येणार न्हाई ती वर."

"न्हाई आली तर न्हाई," मामा हळूच म्हणाले. "तिला एक सांगून दुसरं दाखवायचं न्हाई."

चाळीसचं लावलं. मामीनं डोळा टेकवला, आणि मामा तिच्या मागं उभे राहून दुर्बीण बोटानं केसभर केसभर सरकवत राहिले. काशीबाईंच्या चुलीचा धूर विरला होता. शेवटी मामी म्हणाली,

"एवढंसं?"

"दिसलं?"

"मण्यात सुई ओवल्यागत." तिनं डोळा काढला नाही. "शकू गेली तवा हा कुठं होता?"

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. हात लांब करून पूर्वेकडं दाखवलं. "तिकडं. कडुलिंबाच्या वर, दोन हात."

"तुमाला कसं ठावं?"

"दुर्बीण त्याच महिन्यात घेतली ना मी." मामा म्हणाले. "मला बी तसंच वाटत होतं, तुज्यावानी. म्हणलं, बघू तरी कोण हाय ह्यो. वीस वर्षं पाळत ठेवली त्याच्यावर. त्यानं कुणाचंच काही केलं न्हाई. आपला फिरून राह्यलाय बिचारा, एकलाच."

मामीनं पदरानं डोळा पुसला. दुर्बिणीचा, की स्वतःचा, ते मला मागून दिसलं नाही. ती वाकली, पुन्हा डोळा लावला, आणि तसंच वाकलेल्या अवस्थेत म्हणाली,

"जरा जवळ आणा मंग त्याला."

मामांनी नव्वदचं भिंग घेतलं. ती नळी त्यांनी स्वतः कातलेली, पेच स्वतः पाडलेला, वीस वर्षं रोज बसवलेली. तरी ती बसेना. मी वाकून बघितलं. मामा पेच उलटा फिरवत होते, आणि फिरवतच होते.